सव्वा मिनिटाला एक

राजापूर तालुक्यातलं सड्यावरचं घर. मे संपत आलेला, हापूसचा शेवटचा तोडा उतरलेला. ओटीवर पेंढ्याचा ढीग, लाकडी पेट्या आणि मधोमध आते. ती माझी नव्हे, माझ्या मित्राची आते. पण दोन दिवसांत मीही आतेच म्हणू लागलो. मित्र तिचा भाचा. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातल्या ब्रिजवॉटर गावी तीन वर्षं राहून आलेला. तिथून थोड्या अंतरावर, समुद्राच्या काठी, हिंकली पॉइंट सी हा अणुवीज प्रकल्प उभा राहतो आहे. मित्र तिथल्या एका उपकंत्राटदाराकडे ट्रकांच्या वेळा लावायचं काम करायचा.

आतेच्या घरापासून माडबनचा सडा लांब नाही. जैतापूर प्रकल्पाची जागा तीच. दोन्हीकडची अणुभट्टी एकाच जातीची, फ्रेंच ईपीआर. तिकडे दोन, इकडे सहा ठरलेल्या, सहांची मिळून ९९०० मेगावॅट. तिकडे क्रेन फिरताहेत. इकडे २०१० साली पर्यावरण मंजुरी मिळाली, २०११ च्या एप्रिलमध्ये नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन एक जण गेला, २०२१ मध्ये ईडीएफ या फ्रेंच कंपनीने आपला प्रस्ताव दिला, आणि सड्यावर वारा वाहतोच आहे. किरणोत्सर्गावरून आते-भाच्याचं भांडण करून झालं होतं. त्यावर पुन्हा बोलायचं नाही, असं रात्रीच ठरलं. मग उरला रस्ता.

पिकअप चार वाजता यायची होती. सहा वाजले तरी पत्ता नव्हता. खालच्या वळणावरच्या मोरीवर चिऱ्यांचा डंपर रुतला होता. आंबा रात्री निघाला नाही तर पहाटे वाशीला पोचत नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. आते दर पाच मिनिटांनी उठून अंगणाच्या टोकाला जाऊन येत होती.

भाचा : एक डंपर अडकला आणि तुझे दोन तास गेले. हा डंपर कुठल्या प्रकल्पाचा? कुठल्याच नाही. चिरेखाणीचा. म्हणजे प्रकल्प नसतानासुद्धा तुझा रस्ता मोकळा नाहीच.

आते : नाहीच. म्हणून त्यात आणखी हजार घालायचे?

भाचा : हजार नव्हे, ७५०. हिंकलीला दिवसाला जास्तीत जास्त ७५० खेपांची मर्यादा घातली आहे. आणि तीन महिन्यांची सरासरी ५०० च्या वर जाऊ द्यायची नाही. खेप म्हणजे काय, नीट ऐक हं. ट्रक आत गेला ती एक, बाहेर आला ती दुसरी. म्हणजे ट्रक ३७५ च.

आते : रस्त्यावरच्या माणसाला तो येताना आडवा आला काय नि जाताना काय. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत धर. पंधरा तास. मिनिटं नऊशे. साडेसातशे भागिले... (बोटांवर पेंढ्याच्या काड्या) जवळजवळ सव्वा मिनिटाला एक. माझी गाय रस्ता ओलांडायला किती वेळ घेते, ठाऊक आहे तुला?

इथे मला हसू आलं. ते तिला दिसलं, आणि उरलेला सगळा वेळ तिने गणित माझ्याकडे बघून केलं.

भाचा : ही मर्यादा गाठायचा दिवस क्वचित. आणि ट्रक असे झुंडीने येत नाहीत. महामार्गाच्या दोन फाट्यांवर मोठे तळ केलेत. प्रत्येक ट्रकची वेळ आधी नोंदवलेली. लवकर आला तर तळावर थांबायचं. त्याची जागा पडद्यावर दिसते. ठरलेला मार्ग सोडून गल्लीत घुसला तर कळतं. मी तेच करायचो. दिवसभर बसून लोकांना सांगायचं, तुमचा अर्धा तास गेला, आता दुपारी या.

आते : आणि ऐकायचे?

भाचा : ऐकावंच लागायचं. नाही ऐकलं तर गेटच उघडत नाही.

आते : हे चांगलं आहे.

ती असं पटकन कबूल करते, आणि समोरच्याला वाटतं आपण जिंकलो. भाचा फसला.

भाचा : आणि कॅनिंग्टन म्हणून गाव आहे. बरोबर वाटेवर. मधून गेले असते तर शाळा, चर्च, सगळं ट्रकांच्या तोंडाशी. तिथे कंपनीकडून बायपास करून घेतला. तो २०१४ च्या डिसेंबरात खुला झाला. प्रकल्पात पैसे घालायचा पक्का निर्णय झाला २०१६ च्या सप्टेंबरात. म्हणजे बघ, आधी रस्ता, मग प्रकल्प.

आते : बायपास कुणाच्या कलमांतून गेला?

भाचा : तिथे कलमं नाहीत. शेतं.

आते : मग कुणाच्या शेतांतून?

भाच्याला सांगता आलं नाही. तो प्रामाणिक मुलगा आहे, गप्प बसला.

आते : गावातून नको म्हटलं की गावाबाहेरून. गावाबाहेर म्हणजे ज्यांचं घर गावाबाहेर त्यांच्या दारातून. बायपास वाईट नाही रे. पण तो दुखणं बरं करत नाही, दुसऱ्या अंगाला नेतो. आणि आपल्याकडे अर्धं गाव म्हणेल, बायपास नकोच. नाक्यावरचा वडापाववाला काय म्हणेल? त्याला ट्रक हवेत. त्याला सव्वा मिनिटाचं गणित सांगितलं तर तो तेल तापत ठेवेल.

भाचा : म्हणजे तूच सांगतेस की गाव एका सुरात बोलत नाही.

आते : कधी बोललंय? पालखी कुणाकडे आधी, यावरसुद्धा बोलत नाही.

मग ती पुन्हा अंगणाच्या टोकाला गेली. खालून माणसांचा आणि इंजिनाचा आवाज येत होता. डंपरमधले चिरे उतरवायला घेतले होते म्हणे. मोरीचा एक कठडा आत गेला होता. भाचा तिच्या मागोमाग गेला आणि पुढचं त्यांचं बोलणं उभ्याउभ्याच झालं.

भाचा : या रस्त्याची रुंदी पावणेचार मीटर. ग्राम सडकेचं मापच ते. ट्रक अडीच मीटरचा. दोन समोरासमोर आले की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. म्हणून रुतला. जून आला की तर ती साइडपट्टी लोणी. ड्रायव्हरचा दोष नाही.

आते : ड्रायव्हरला कोण बोलतंय? पोराला सकाळपासून चहासुद्धा मिळाला नसेल. पाठवते मी. पण मला एक सांग, हा रस्ता चार वर्षांपूर्वी केला, तेव्हा कंत्राटदाराने पाच वर्षं सांभाळायचा असं फलकावर लिहिलंय. फलक शाबूत आहे.

भाचा : रस्ता गाड्यांच्या संख्येने मोडत नाही. आसावरच्या वजनाने मोडतो. आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सोळा पट होते. अमेरिकेत इलिनॉयला १९५८ ते १९६० मुद्दाम वाटोळे रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक फिरवले, तेव्हा बांधलेलं गणित हे. तुझी पिकअप वर्षभर आली-गेली तरी रस्त्याला पत्ता लागत नाही. भरलेला एक डंपर त्याचं सगळं आयुष्य खातो.

आते : आणि तू त्याच रस्त्यावरून अणुभट्टी आणायची म्हणतोस.

भाचा : तेच तर! अणुभट्टी रस्त्याने येतच नाही. हिंकलीचं अणुभट्टीचं पात्र ५०० टनांचं. फ्रान्सहून जहाजाने एव्हनमथ बंदरात आलं. तिथून तराफ्यावर चढवून पॅरेट नदीने वर आणलं, कॉम्बविचच्या धक्क्याला. लिहितात कॉम्बविच, म्हणतात कमिज. तिथून प्रकल्प चार मैल. तेवढंच रस्त्याने, असंख्य चाकांच्या गाडीवर, माणसाच्या चालीने. आणि खडी-वाळू! तीन मिलियन टन, म्हणजे तीस लाख टन काँक्रीट लागणार आहे तिथे. त्यातल्या खडी-वाळूचा ८० टक्के भाग समुद्रातून आणायची अट. त्यासाठी समुद्रात अर्धा किलोमीटर लांबीची तात्पुरती जेट्टी बांधली. जहाज लागतं, पट्ट्यावरून माल थेट आत. तितके ट्रक कमी. जैतापूरला तर समुद्र दाराशी.

हा त्याचा हुकमाचा एक्का होता. सकाळपासून राखून ठेवलेला. मला वाटलं आता आते अडेल, कारण मला स्वतःला काही सुचेना. आते ओटीवर परत आली, मांडी घालून बसली, एक आंबा हातात घेऊन देठाशी नखाने दाबून बघितला आणि बाजूला ठेवला. डागी.

आते : समुद्र म्हणजे तुला रिकामा रस्ता वाटला. साखरी नाट्याला जाऊन सांग बरं. पहाटे चारला तिथल्या मच्छीमारांच्या होड्या निघतात त्याच पाण्यातून तुझे तराफे येणार. जाळं फाटलं तर खेप कुठल्या गेटवर नोंदवायची?

भाचा : मार्ग आखता येतो पाण्यातही.

आते : येत असेल. पण तुझ्या त्या समुद्रात पाऊस किती महिने? इथे जून लागला की समुद्र बंद. होडी वर, जाळी माळ्यावर. तुझं जहाज लागेल का जेट्टीला?

भाचा : ...उघड्या किनाऱ्यावर नाही लागणार. आडवा बांध घातला तर कदाचित.

आते : नाही ना. मग चार महिन्यांचा माल पावसाआधी आणून ठेवावा लागेल. किंवा पावसात रस्त्याने. पावसात रस्त्याने म्हणजे काय, ते खाली मोरीवर बघ, अजून पाऊस लागायचाय. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो इथे. सावित्रीचा पूल गेला महाडला, २०१६ ला, दोन ऑगस्टला. तो काय कुणी डंपर घालून मोडला होता? तेव्हा म्हण पावसाआधी आणणार. पावसाआधी म्हणजे कधी?

भाचा : एप्रिल, मे.

आते काही बोलली नाही. तिने फक्त ओटीवरच्या पेट्यांकडे हात केला.

मला वाटतं, वादाचा निकाल कुठे लागला असेल तर इथे. भाच्याने आणलेली प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि तिकडे ती चालतेही. पण ती एका दिवसाला अमुक खेपा अशी आहे. दिवस सगळे सारखे, असं त्यात गृहीत आहे. आतेचं डोकं दिवसाच्या मापाने चालत नाही, वर्षाच्या चालतं. पुढची दहा मिनिटं ती नुसतं वर्ष सांगत होती.

आते : मोज. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तेव्हा रस्ता देवाचा. तिथून मे अखेर आंबा. जून ते सप्टेंबर पाऊस. मधे गणपती. मग भात कापून घरात यायचं. मग उरले दिवाळीनंतरचे तीन महिने. त्यातही जत्रा. बस चालव तुझे साडेसातशे.

भाचा : आते, असं म्हटलं तर कुठेच काही बांधता येणार नाही. एक दिवस काम थांबलं तर व्याजच किती होतं! ब्रिजवॉटरलाही नोव्हेंबरात कार्निव्हल असतो, दिव्यांनी मढवलेले रथ निघतात मोठमोठे. त्या संध्याकाळी गावातले रस्ते बंद. एक संध्याकाळ. वर्षात नऊ महिने नव्हे.

आते : मी थांबव म्हणतच नाही. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी चार ते नऊ आंब्याच्या गाड्यांची वेळ. तेव्हा तुझा ट्रक तुझ्या तळावर. सकाळी सात ते साडेआठ पोरं राजापूरला कॉलेजला जातात, तेव्हा एसटी आधी. वस्तीची गाडी रात्री येते, तिला वाट. हे कागदावर लिही. मग उरलेल्या वेळात कितीही.

भाचा : कितीही नाही बसणार मग. उगाच काम लांबेल.

आते : लांबलंच आहे की. तिकडचं कधी संपणार होतं?

भाचा : २०२५.

आते : आणि आता?

भाचा : २०२४ मध्ये तरी म्हणत होते, २०२९ ते ३१ मध्ये कधीतरी.

आते : म्हणजे पाचेक वर्षांचे ट्रक जास्त. रोजचा आकडा पाळला, वर्षांचा कुणी लिहिलाच नव्हता.

भाचा (थोडा चिडून) : पण मला हे सांग, तुला रस्ता नकोय का? आतोबांना रत्नागिरीला नेलं तेव्हा याच वळणावर अँब्युलन्स मागे घ्यावी लागली होती. समोरून गाडी आली म्हणून. मी होतो आत. रुंद रस्ता असता तर वीस मिनिटं वाचली असती. तो रुंद रस्ता आपल्याला पंचायत देणार नाही, जिल्हा परिषद देणार नाही. देईल तर असा मोठा प्रकल्पच देईल. कारण तेव्हाच सरकारला घाई असते.

हे बोलायला नको होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. आतेने हातातली पेटी पुरी भरली. वरून पेंढा घातला, फळी ठेवली, चार खिळे ठोकले. एकही वाकडा गेला नाही.

आते : रस्ता हवा. माझ्या नवऱ्यासाठी आला नाही तो भट्टीसाठी येणार, तर येऊ दे. फक्त त्याचं कौतुक करायला मला सांगू नकोस.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मीच तोंड घातलं. म्हटलं, तिकडे सगळं सुरळीत आहे का? भाचा बिचारा, बाहेरच्या माणसाने विचारल्यावर जास्त खरं बोलला.

भाचा : सुरळीत कसलं. मालाचे ट्रक आवरता येतात, माणसं नाही आवरता येत. दहा हजारांच्या वर कामगार. त्यांच्यासाठी गाड्या लावायचे तळ, तिथून बस, सगळं आहे. तरी पहाटे अर्धा तास जास्त झोपायला मिळावं म्हणून लोक बस थांब्याजवळच्या गल्लीत, कुणाच्या तरी घरासमोर गाडी लावून जातात. म्हाताऱ्या बायका काचेवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. शेवटी त्यावर गस्त ठेवावी लागली. ट्रकवर पडदा आहे, माणसाच्या झोपेवर नाही.

आते : आणि चिठ्ठीचं पुढे काय होतं?

भाचा : स्थानिक परिषदा आणि कंपनी यांची समिती असते, आकडे तिच्यासमोर येतात. मर्यादा मोडली तर ती परवान्याचीच अट मोडली. सरकारने बांधकामाची परवानगी दिली, त्या आदेशात आणि करारात ते लिहिलेलं आहे.

आते : इथे कुणाकडे जायचं? ह्या घरापासून मोरीपर्यंत रस्ता झेडपीचा. मोरीपासून नाक्यापर्यंत पीडब्ल्यूडीचा. पुढे महामार्ग, तो तिसऱ्याचा. डंपरचं वजन बघणार आरटीओ, दगडाची पावती बघणार तहसील. मी गेले होते एकदा एका कार्यालयात. साहेब चांगला होता, खुर्ची दिली. म्हणाला, मावशी, खड्डा नक्की कुठे आहे? मोरीच्या अलीकडे की पलीकडे? मी म्हटलं, मोरीवर.

भाचा : (हसत) मग?

आते : मग काय. चहा प्यायले आणि आले.

भाचा : पण जनसुनावणी असते ना. २००६ च्या अधिसूचनेत आहे. जिल्हाधिकारी बसतात, तीस दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत. तिथे हे सगळं मांडता येतं. आंब्याच्या वेळेची अट लेखी मागता येते. मागितली तर इतिवृत्तात येते. आपले लोक तिथे जाऊन फक्त हवा की नको यावर ओरडतात, अटींवर कुणी बोलत नाही. हा माझा खरा राग आहे, आते.

आते : अटींवर बोललं की धरून चालतात, हो म्हटलं. एकदा वेळ ठरवायला बसलास की लग्नाला नाही म्हणता येत नाही.

यावर दोघंही बरोबर होते, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. कुठल्या बाजूला जास्त वजन, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

आते : आणि थांबवता येत नाही असं मला सांगू नको. येतं. दर गणपतीत महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी घालतात की नाही सरकार? टनात लिहून, तारखा देऊन. कशासाठी? चाकरमानी मुंबईहून यायचे म्हणून. ते चार दिवस येतात तर ट्रक थांबतो. आम्ही बारा महिने राहतो.

भाचा काही म्हणणार होता. पण खालून हॉर्न वाजला, दोनदा लांब, एकदा आखूड. पिकअपवाल्याची खूण. डंपर एका बाजूला ओढून घेतला होता, पुरता निघाला नव्हता. लहान गाडी जाईल एवढी वाट झाली होती. अंगणात एकदम धावपळ. पेट्या हातोहात वर गेल्या, मीही चार उचलल्या. पिकअपवाला सांगत होता, ताई, वाशी गाठतो, पण हायवेचं काही सांगता येत नाही.

गाडी गेल्यावर आते माजघरात गेली आणि शाळेची दोनशे पानी वही घेऊन आली. दोरीला पेन बांधलेलं. पानापानावर तारखा, पुढे उभ्या रेघा, पाचवी आडवी. येणारे डंपर डावीकडे, जाणारे उजवीकडे. दोन वर्षांचे. मधेच एखादी तारीख कोरी आणि पुढे लिहिलेलं : ‘कणकवलीस’, ‘ताप’, ‘पालखी, एकही नाही’.

भाचा बराच वेळ पानं उलटत राहिला. मग त्याने मोबाइल काढला आणि एकेका पानाचा फोटो घ्यायला लागला.

आते : फोटो नंतर. आजचा लिही आधी. मला चष्मा सापडत नाही.

भाचा : चिऱ्यांचा तो एकच ना? कुठल्या बाजूला लिहू, येणारा की जाणारा?

आतेने अंगणाच्या टोकाकडे बघितलं. अंधारात मोरीवर त्याचे पिवळे दिवे लुकलुकत होते.

आते : राहू दे. अजून दोन्हीतला झाला नाही तो.